आईच्या पर्समधला पेन ड्राइव्ह

प्रिय शेंडेफळा,

आई नीट पोचली ना? गाडीवाला भला माणूस आहे, हाताला धरून जिना चढवून देतो म्हणाला होता. मी तिला तीनदा बजावून पाठवलंय की आधी सोफ्यावर बसायचं, पर्समधली काडी काढून तुला टीव्हीला लावायला सांगायची, आणि चित्र सुरू झालं की मगच हे पत्र तुझ्या हातात द्यायचं. काडी म्हणजे पेन ड्राइव्ह. तो शब्द तिला आवडत नाही, जिभेला टोचतो म्हणते. तेव्हा आत्ता ती तुझ्या टीव्हीपुढे ऐसपैस बसलेली असणार आणि तू जेवणाच्या टेबलाशी उभा राहून हे वाचत असणार. मनात एकच चाललं असेल, हिला बोलावलं कोणी? तूच बोलावलंस. तुझ्या तोंडाने, तुझ्या आवाजात, तिच्या समोर. कसं ते सांगते, जरा धीर धर. आज रविवार आहे, अकरा वाजले आहेत, नाहीतरी या वेळेला तू आईसाठी पाच मिनिटं काढतोसच.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुला यातलं काहीच माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या उरल्यात. समोर माणूस बसला तर तिला त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, तोंडाच्या जागी नुसता धूर. तू तेव्हा दीड दिवस येऊन गेलास. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलास, आणि निघताना जिन्यात उभं राहून मला म्हणालास की फोनवर समोरासमोर बोलणं काही जमणार नाही, कामाचं काही खरं नसतं, पण दर रविवारी न चुकता व्हिडिओ करून पाठवीन. ते मात्र पाळलंस हो. नाही म्हणायला तोंड नाही मला. एकशे तीन रविवारांत एकशे तीन व्हिडिओ आले. पहिला आला तेव्हा मी फोन आईच्या हातात दिला. तिने तो इकडून तिकडून धरला, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, आणि शेवटी कानाला लावला. तुझं तोंड बघायचं तर ते परातीएवढं तरी व्हायला हवं होतं. घरात परातीएवढं तोंड दाखवणारी एकच वस्तू होती, बाबांनी घेतलेला टीव्ही.

मग मी शिकले. वयाच्या पन्नाशीत, पडदे शिवणारी बाई. गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्त करणारा बसतो, त्याच्या दुकानात मी इतक्या खेपा घातल्या की त्याच्या बायकोला संशय यायचा बाकी होता. त्याने आधी बिनवायरीचं करून दिलं, फोनवर जे चालेल ते टीव्हीवर उमटायचं. पण आपल्या घरचं इंटरनेट म्हणजे आनंदीआनंद. तुझं तोंड आधी हलायचं आणि शब्द मागून यायचे. आईने काळजीने विचारलं, की हा तोतरा कधीपासून बोलायला लागला. मग त्याने वायर दिली, एक टोक फोनला, दुसरं टीव्हीच्या पाठीला. ती वायर फोनपाशी सैल होती, जरा हलली की चित्र गुल. म्हणून तू बोलायचास तेवढा वेळ मी टीव्हीच्या बाजूला फोन धरून खुंटीसारखी उभी राहायचे. आई मला म्हणायची, जरा सरक गं, तुझी सावली पडते त्याच्यावर. शेवटी काडी आली. व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घ्यायचा, काडीत भरायचा, काडी टीव्हीच्या पाठीतल्या खाचेत खोचायची. पहिल्या दिवशी चित्र आलं आणि आवाज नाही. तुझ्या नव्या फोनचा आवाज आपल्या जुन्या टीव्हीला समजत नव्हता, तो आधी त्याला समजेल असा करून घ्यावा लागतो. आईने सहा मिनिटं तुझे मुके ओठ, म्हणजे ओठांच्या जागचा धूर बघितला आणि म्हणाली, किती छान बोलतो नाही. मी तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

फोन आडवा धर, आडवा धर म्हणून मी तुला चार वेळा कळवलं. तू उभाच धरलास. दोन्हीकडे काळं आणि मध्ये तू, कपाटाच्या फटीत उभं राहिल्यासारखा. पण ते जाऊ दे. तुझी खरी खोड वेगळीच आहे आणि ती तुला आजपर्यंत कोणी सांगितलेली नाही. तू फोन बंद करत नाहीस. पुस्तकांच्या फळीला टेकवून ठेवतोस, पाच-सहा मिनिटं लाडेलाडे बोलतोस, काळजी घे आई, गोळ्या घे आई, आता लवकरच तुला इकडे घेऊन येतो आई, असं म्हणून हात हलवतोस आणि वळून चालायला लागतोस. फोन तिथेच, चालूच. कधी मिनिटभर, कधी चार मिनिटं. मग केव्हातरी येऊन बंद करतोस आणि तसाच पाठवून देतोस. आपण काय पाठवतोय ते एकदा उघडून बघावं, एवढंही कधी वाटलं नाही तुला. स्वतःचंच बोलणं दुसऱ्यांदा ऐकायला तूही कंटाळत असशील.

पहिल्यांदा मागचा भाग ऐकला तो तिसऱ्या आठवड्यात. तू हात हलवलास, वळलास, आळस दिलास आणि बायकोला म्हणालास, चला, पुढच्या रविवारपर्यंत सुटलो. मी आधी फोनवर बघत होते म्हणून बरं. टीव्हीवाल्याकडून कापायचं शिकून घेतलं. जिथे तू हात हलवतोस तिथे संपवायचं. पडद्याचं कापड कापायची सवय असल्यामुळे असेल, मला ते लगेच जमलं. तेव्हापासून दर रविवारी माझा हा उद्योग. तुझा व्हिडिओ आला की मी शिलाईचं मशीन थांबवायचे, स्वयंपाकघरात जाऊन फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकायचे, मागचं कापायचे, आणि पुढचं गोड तेवढं आईला दाखवायचे. अख्खे व्हिडिओ मात्र मी पुसले नाहीत. वेगळे ठेवले. त्या कप्प्याला मी नाव दिलं होतं चिंध्या. उरलेलं कापड टाकून द्यायला माझा हात धजत नाही, तुला माहीत आहे.

हे मी आईसाठी केलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. निम्मं खरं आहे. तिचा आठवडा एका रविवारावर उभा होता, तो मी पाडला नाही. उरलेलं निम्मं असं, की तुझं खरं रूप फक्त मला ठाऊक आहे यात मला सुख होतं. ती तुझं कौतुक करायला लागली की मी मशीनवर पाय मारत मनात म्हणायचे, बोल, बोल, माझ्या मुठीत आहे तो. सगळं करायचं मी, आणि ओवाळायचं तुला. अंघोळ मी, औषध मी, ओली चादर मी. तू महिन्याकाठी वीस मिनिटं दिसायचास, तेही कपाटाच्या फटीत, पण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला आई एकच सांगायची की माझा मुलगा मला न्यायला येणार आहे. तिने पिशवी भरून ठेवली होती. दोन साड्या, स्वेटर, चष्मा जो आता तिच्या काही कामाचा नाही, आणि तुझा दुसरीतला फोटो. दर सणासुदीला नाही, दर महिन्याला ती ती पिशवी रिकामी करायची आणि परत भरायची. माझ्यासमोर.

आणि तू काय बोलला होतास ते ऐक. गेल्या वर्षीचा, चौकडीच्या शर्टातला व्हिडिओ. त्यात तू आईला म्हणालास, तुझ्यासाठी खिडकीपाशी पलंग टाकलाय. हात हलवलास. मागून तुझी बायको आली, आणि तिने विचारलं की तू दर वेळी ये, ये म्हणतोस, खरंच आली तर काय करणार आहेस. माझी तिच्यावर आधी रागवायची तयारी होती, पण तिने सरळ प्रश्न विचारला होता, खोटं तर ती बोलली नव्हती. तू हसलास. म्हणालास, येते कसली, ताई तिला सोडायची नाही आणि ती ताईला, म्हणून तर बिनधास्त बोलावतो. मग म्हणालास, एकदा उंबऱ्याच्या आत आली की जन्माची गळ्यात पडेल. आणि मग पाण्याची बाटली उघडत, अगदी सहज, दूध संपलं का विचारावं तशा आवाजात म्हणालास, अजून किती वर्षं काढणार आहे कोण जाणे. तो एक मिनिट आणि वीस सेकंदांचा तुकडा मी किती वेळा ऐकला याला गणती नाही. ऐकून झाल्यावर बाहेर जाऊन आईला विचारायचे, चहा ठेवू का.

तुला आठवतं का, लहानपणी तू नकला करायचास? सगळे म्हणायचे उपजत कला आहे. उपजत कसली, मी शिकवली तुला. तू पाच वर्षांचा, मी अकरा. पहिली नक्कल आपण आईचीच बसवली होती, ती जिन्यातल्या बाईशी दार अर्धवट उघडून बोलते ती. मोरीत पाणी सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आपण पोट धरधरून हसलो होतो. मला तेव्हा तू या जगात सगळ्यांत आवडायचास. अजूनही तेवढं आवडणारं माणूस मला नंतर कोणी मिळालं नाही, ही माझीच लंगडी बाजू. पुढे तू शाळेत बक्षिसं आणलीस, आई तुला मांडीवर घेऊन तीच तीच नक्कल करायला लावायची, आणि मी दाराशी उभी राहून तुझ्या चुका मोजायचे.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या काकू दुपारच्या येऊन बसल्या होत्या. मी आत कपडे वाळत घालत होते. आई त्यांना सांगत होती, की मुलाकडे जाईन तेव्हा खरं जगेन, इथे काय, मुलीकडे दिवस काढतेय. काकू म्हणाल्या, असं कसं बोलता, ती किती करते. त्यावर आई म्हणाली, करते हो, पण तिच्या हाताला माया नाही. म्हणतात ना, ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. ओला टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला. काकू गेल्यावर मी ठरवलं की बस झालं, आता हिला कळू दे कोणाच्या हाताला किती माया आहे ते. काडीत मी चिंध्यांमधले तीन अख्खे व्हिडिओ भरले, चौकडीच्या शर्टाचा त्यात होताच. तो पहिला लागेल अशी माझी समजूत. काडी खोचली, आईला म्हटलं आज तुझ्यासाठी खास आहे, आणि तिचं तोंड बघायला नको म्हणून स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

पण टीव्ही आपल्या मनासारखा लावत नाही, नावांच्या क्रमाने लावतो. पहिला दुसराच लागला. तुझं गोड बोलणं झालं, हात हलवलास, आणि मग मागच्या भागात तू बायकोला माझी नक्कल करून दाखवायला लागलास. मी ती विसरलेच होते. विसरले नव्हते, विसरायचं ठरवलं होतं. कमरेवर हात, मान पुढे, नाकातला आवाज. गोळी घेतली का? घोट घे. गिळ. गिळलीस? दाखव तोंड. जीभ वर कर. दाखव तोंड! आणि ते माझं चपला घासत चालणं. हुबेहूब केलंस रे, खोटं कशाला बोलू. आईला चित्र दिसत नव्हतं, पण आवाज ऐकून तिने ओळखलं आणि ती हसायला लागली. साधं हसणं नाही. तोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी, सोफ्याचा हात बडवत. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. मी बाहेर येऊन काडी उपटली. तर ती म्हणाली, अगं लाव ना परत, काय दुष्ट आहेस.

त्या दिवसापासून घरात दुसरं काही लागलं नाही. गोड बोलणाऱ्या तुझ्यापेक्षा हा तू तिला फार आवडलास. म्हणाली, इतके दिवस वाचून दाखवल्यासारखं बोलायचा, हा माझा खरा मुलगा. बाकीचे दोन मी त्याच रात्री काडीतून काढून टाकले. सकाळी नक्कल, जेवणानंतर नक्कल. काडी खोचायला ती स्वतः शिकली, बोटांनी चाचपून. काकूंना दाखवली, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना. टीव्हीवाला रिमोट बघायला आला तर त्याला बसवून दाखवली. तो बिचारा खाली मान घालून हसला, ते मला जास्त लागलं. आणि मग गोळीच्या वेळी आईनेच तुझा आवाज काढायला सुरुवात केली. मी पाणी घेऊन गेले की ती आधीच तोंड उघडायची, जीभ वर करायची आणि नाकात म्हणायची, दाखव तोंड. तू हे वाचायला घेतलंस तेव्हा तुझ्या टीव्हीवर तोच चालला होता, पहिला नंबर त्याचाच ठेवलाय मी. आई हसली ना? तुझी बायको तिच्या शेजारी बसली असेल, तीही हसली असेल. या वेळी क्रम चुकायला नको म्हणून मी फायलींच्या नावांपुढे आकडे घातलेत, एक, दोन, तीन.

हे सगळं मी आणखी सोसलं असतं, बायका सोसतात त्यापेक्षा हे काही फार नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी जाड कापडाचे पडदे शिवत होते, घाईचं काम होतं, आणि मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. नखातून आत, खालून बाहेर. मी ओरडले. एका हाताने चाक उलटं फिरवून सुई वर काढायची होती. मी आईला हाक मारली. ती चार हातांवर बसली होती. तिला वाटलं असेल मी उगाच आरडाओरडा करतेय, किंवा काहीच वाटलं नसेल, मला माहीत नाही. ती नाकात म्हणाली, दाखव तोंड. आणि आपल्याच विनोदावर हसत सुटली. मी सुई काढली, बोट नळाखाली धरलं, फडकं गुंडाळलं. संध्याकाळपर्यंत तिने विचारलंही नाही की तू का ओरडलीस.

तेव्हा मग तुझं आमंत्रण शिवायला घेतलं. एकशे तीन व्हिडिओ होते माझ्याकडे, सामान भरपूर. मार्चच्या व्हिडिओत तू म्हणाला होतास, आई, आता मला राहवत नाही. पावसाळ्यातल्या एकात, या रविवारी. औषधांचं पार्सल पाठवलंस तेव्हा, गाडी पाठवतो. तू ये, हे तर तू जवळजवळ प्रत्येक वेळी म्हणायचास. वाट बघतो, हेही. पाच तुकडे, एकापुढे एक. कुठे टाका दिसू नये म्हणून मी दोन दिवस खपले. बावीस सेकंदांत तुझे चार शर्ट बदलतात, पण आईला त्याचं काय? तिला फक्त कडा दिसतात. एकदा म्हणाली, याचा खांदा निळा होता तो हिरवा कसा झाला. मी म्हटलं, उजेडाने. तिने तो व्हिडिओ अकरा वेळा लावला आणि मग पिशवी रिकामी करून परत भरली. या वेळी मी मदत केली. काकूंना ती हात धरून सांगत होती, बघा, म्हटलं नव्हतं मी? एकही शब्द माझा नाही त्यात, सगळे तुझे आहेत. तू बोलला नाहीस असं म्हणायची सोय तुला मी ठेवलेली नाही.

आता तिच्या कामाचं. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी, ती पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. गालात लपवते, विश्वास ठेवू नकोस. अंघोळीला स्टूल लागतं आणि दार आतून लावू द्यायचं नाही. मध्येच बोलायची थांबली तर झोप आलेली असते, घाबरायचं कारण नाही. पुढे मागे काडी खराब झाली तर तुझ्याकडे बाकीचे उपाय आहेत, नवा टीव्ही, जोरदार इंटरनेट, बिनवायरीचंही नीट चालेल. तुझ्या घरातल्या प्रत्येक व्हिडिओत तो टीव्ही मागे दिसतो, मी त्याचं नाव बघून आपल्या टीव्हीवाल्याला विचारून घेतलं, तो सगळ्या प्रकारच्या फायली खातो, आवाजाची कटकट नाही. तिला परत पाठवायचा विचार करू नकोस. मी या घराला कुलूप लावून, ज्या दुकानासाठी पडदे शिवते त्याच्या मालकिणीकडे राहायला चाललेय, तिच्या माळ्यावर मशीन ठेवायला जागा आहे. पत्ता तुला देत नाही.

मी वाईट वागतेय हे मला कळतं. तुझ्याशी वागतेय त्याचं काही नाही, पण आईशीही वागतेय, आणि काल तिचे केस विंचरताना माझा हात दोनदा थांबला होता. तरी मी थांबले नाही. हे पत्र मी मोठ्याने वाचून घड्याळ लावून बघितलं, सावकाश वाचलं तर अठरा-वीस मिनिटं लागतात. तू लहानपणापासून सावकाशच वाचतोस. नक्कल सहा मिनिटांची आहे. ती संपली की दुसरा आपोआप लागतो, तो बागेतला, त्यात काही नाही, पाच मिनिटांचा आहे. तिसऱ्यात चौकडीचा शर्ट आहे, आणि तो मी कापलेला नाही. पहिल्याच पानावर हे लिहिलं असतं तर तू उठून टीव्ही बंद केला असतास, म्हणून तर एवढी पानं लिहिली. आईचं हसणं मघाशीच थांबलं असेल. जा, तिच्याजवळ जाऊन बस.

तुझीच,
ताई